गाडी दणके देतेय, स्टेअरिंग थरथरतंय? शॉकअप बदलण्याआधी हे तपासा

नाशिक फाट्यावरून निघायचं, भोसरी ओलांडायची, मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा आणि मग चाकणचा तळेगाव चौक. फर्स्ट शिफ्टला कंपनीत जाणाऱ्या हजारो लोकांचा हा रोजचा रस्ता. पुढं कंटेनर, शेजारी नव्या कोऱ्या गाड्या लादलेला ट्रेलर, मागं कंपनीची बस. पावसाळ्यात त्यात खड्ड्यांची भर.

या रस्त्यावर गाडी खडखड करायला लागली की आपण म्हणतो, "रस्ताच तसला आहे, गाडी काय करणार?"

बऱ्याचदा ते खरंही असतं. पण याच वाक्यामागं बिघाड लपतो. टायरला आलेला फुगा, सैल झालेला बॉल जॉइंट, नीट न आवळलेले चाकाचे नट, सगळं "रस्ताच तसला" या खात्यात जमा होतं. आणि एक दिवस गाडी गॅरेजला गेली की उलटं टोक गाठलं जातं. "चारही शॉकअप गेलेत साहेब" असं ऐकायला मिळतं, काही हजार रुपये जातात आणि चार दिवसांनी तोच दणका परत सुरू होतो.

दोन्हीतून वाचायचं असेल तर गाडी केव्हा हादरते, हे नीट सांगता आलं पाहिजे. मेकॅनिकला तुमच्या गाडीबद्दल सगळ्यात उपयोगी माहिती तुम्हीच देऊ शकता, कारण गाडी रोज तुम्ही चालवता.

## खड्ड्याचा दणका तुमच्यापर्यंत येतो कसा?

चाक खड्ड्यात गेलं की पहिला मार टायरमधली हवा खाते. उरलेला मार स्प्रिंग घेते, ती दबते. पण स्प्रिंगचा स्वभाव असा की दबली की उसळणार, उसळली की पुन्हा दबणार. तिला आवरायचं काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं, म्हणजे आपल्या भाषेत शॉकअपचं.

इथं एक गैरसमज दूर करू. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, स्प्रिंग पेलते. शॉकअपच्या नळीत तेल असतं आणि पिस्टनला बारीक भोकं व झडपा असतात. चाक वरखाली झालं की तेलाला त्या भोकांतून जोर लावून जावं लागतं. त्यात उसळीची ताकद खर्च होते आणि तिची उष्णता बनते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो तो त्यामुळंच.

या सगळ्यांच्या मध्ये रबराचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट आणि माउंटिंग असे सांधे असतात. हाडांमधल्या कुर्चेसारखं त्यांचं काम. ते झिजले की लोखंडावर लोखंड आपटतं आणि आवाज येतो.

म्हणजे साखळी अशी: टायर, स्प्रिंग, शॉकअप, रबरी सांधे, मग तुम्ही. यातली कुठलीही कडी बिघडली तरी तक्रार एकच येते, "गाडी दणके देते." पण प्रत्येक कडीची वेळ आणि आवाज वेगळा असतो.

गंमत म्हणजे ही साखळी बऱ्याच अंशी आपल्याच पट्ट्यात बनते. पुणे-नाशिक रस्त्यावर कुरुळीला गॅब्रिएल इंडियाचं मुख्यालय आहे. १९६१ साली सुरू झालेली ही कंपनी शॉकअपसाठीच ओळखली जाते. चाकणला ब्रिजस्टोनचा टायर कारखाना आहे. फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्राचे प्रकल्प चाकण परिसरात, तर टाटा मोटर्सचा पिंपरीत. गाड्या इथं बनतात आणि त्यांचा कस लावणारा रस्ताही इथलाच.

## आधी स्वतःला सहा प्रश्न विचारा

दोन दिवस गाडी चालवताना लक्ष द्या आणि मोबाइलमध्ये टिपून ठेवा. टिपायचं काम शेजारी बसणाऱ्याला द्या, चालवताना नको.

१. ठरावीक वेगालाच थरथरते का? ८० ते १००च्या आसपास स्टेअरिंग थरथरतं आणि त्याखाली सगळं शांत असतं, तर संशय चाकाच्या बॅलन्सिंगवर. स्टेअरिंगऐवजी सीट आणि फ्लोअर थरथरत असेल तर मागची चाकं बघा.

२. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरते का? मग ब्रेकची डिस्क.

३. फक्त खड्डा किंवा गतिरोधक आला की आवाज येतो का? मग लिंक रॉड, बुश, माउंटिंग किंवा शॉकअप.

४. सिग्नलला उभी असतानाही थरथरते का? मग चाकांचा काही संबंध नाही. इंजिन किंवा इंजिनचं माउंटिंग.

५. अ‍ॅक्सिलरेटर दिला की थरथरते आणि सोडला की थांबते का? मग ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट किंवा इंजिनचं माउंटिंग.

६. वळताना आवाज येतो का? पूर्ण स्टेअरिंग वळवून गाडी पुढं घेताना "कट-कट-कट" येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घरघर येत असेल आणि वळणावर ती कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग.

इंजिन की चाक असा गोंधळ होत असेल तर एक सोपी युक्ती आहे. त्याच वेगाला एकदा चौथ्या आणि एकदा पाचव्या गिअरमध्ये गाडी चालवा. गिअर बदलल्यावर थरथर बदलली तर गडबड इंजिनाच्या बाजूला. वेग तोच आणि थरथरही तीच राहिली तर चाकांच्या बाजूला.

## फुकटात होणारी तपासणी

गॅरेजला जाण्याआधी या गोष्टी घरच्या पार्किंगमध्ये, दिवसाउजेडी करून घ्या.

हवा. गाडी कडक झाल्याचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे जास्त भरलेली हवा. पंपावरचा माणूस विचारतो "किती टाकू?" आणि आपण सांगतो "टाका पस्तीस." पण तुमच्या गाडीला किती हवी, हे ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर छापलेलं असतं. काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतं. दोन माणसं असताना वेगळा आकडा, पाच माणसं आणि सामान असताना वेगळा. टायरवर लिहिलेला कमाल आकडा ही टायरची मर्यादा आहे, तुमच्या गाडीसाठीची शिफारस नाही.

हवा थंड टायरमध्ये तपासायची. नाशिक फाट्यावरून चाकण गाठेपर्यंत टायर गरम होतो आणि दाब काही पीएसआयने वाढतो. तिथं "जास्त आहे" म्हणून हवा काढली तर सकाळी ती कमी भरते. कमी हवेनं बसायला मऊ वाटतं खरं, पण टायरची बाजू जास्त दुमडते, तापते, आणि खड्ड्यात रिम थेट रस्त्याला लागते. नायट्रोजन भरल्यानं गाडी मऊ होत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायरवरून हात फिरवा. झीज बरंच काही सांगते. मधे झिजला असेल तर हवा जास्त असते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेलं. आणि हाताला जागोजागी उंचवटे-खळगे लागले तर शॉकअप ढिले किंवा बॅलन्सिंग गेलेलं. एकदा असे खळगे पडले की नवीन शॉकअप टाकूनही त्या टायरचा आवाज जात नाही.

खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ती झिजेची खूण. रबर त्यांच्या बरोबरीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरलेली असते. कारसाठी कायद्यानं ठरवलेली किमान मर्यादा तीच. टायरचं वयही बघा. बाजूवर चार आकडे असतात. "२३२१" असेल तर टायर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. जुन्या टायरचं रबर कडक होतं, मग खाच शिल्लक असूनही गाडी दणके देते.

चाकाच्या आत बघा. हे पावसाळ्यासाठी खास. कच्च्या शोल्डरवरून किंवा साइटवरून गाडी गेली की रिमच्या आतल्या बाजूला चिखल चिकटतो आणि वाळून घट्ट बसतो. त्यानं चाकाचं बॅलन्सिंग बिघडतं. पाण्याचा जोरदार फवारा मारून चिखल काढला की काही गाड्यांची थरथर तिथंच संपते.

डिकी रिकामी करा. सीएनजीची लोखंडी टाकी रिकामी असतानाही पन्नास किलोच्या आसपास भरते. वर टूलबॉक्स, पाण्याचे कॅन, महिनाभर तसंच पडलेलं सामान. मागच्या स्प्रिंग आधीच दबलेल्या असतील तर खड्ड्यात दबायला जागा उरत नाही आणि गाडी थेट रबरी स्टॉपरवर आदळते. "मागून धाडकन आवाज येतो" अशी तक्रार असेल तर आधी हे करा.

## वीस ग्रॅमचा फरक आणि अडीच किलोचा झटका

बॅलन्सिंग म्हणजे काय, हे एका हिशेबात समजतं. लहान गाडीचं चाक एका फेरीत दोन मीटरला थोडं कमी अंतर कापतं. ९०च्या वेगाला ते सेकंदाला साधारण १३ वेळा फिरतं. रिमच्या कडेला एका जागी फक्त २० ग्रॅम वजन जास्त असेल, तर त्या वेगाला प्रत्येक फेरीत सुमारे अडीच किलोचा ओढा त्या दिशेनं लागतो. सेकंदाला १३ वेळा. म्हणून स्टेअरिंग थरथरतं.

वेग निम्मा केला की हाच ओढा निम्मा नाही, तर पाव होतो. ४५ला तो जाणवतही नाही. म्हणूनच भोसरी-चाकणच्या गर्दीत ठीक वाटणारी गाडी एक्स्प्रेसवेला लागली की थरथरते आणि आपण म्हणतो "अचानक झालं." ते अचानक झालेलं नसतं.

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडं सारखं करणं. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन सरळ करणं. थरथर असेल तर बॅलन्सिंग. गाडी एका बाजूला ओढत असेल, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहत असेल किंवा टायर एका कडेला झिजत असेल तर अलाइनमेंट. थरथर घालवायला नुसतं अलाइनमेंट करून उपयोग नाही.

बॅलन्सिंग करूनही थरथर गेली नाही तर मशिनवर चाक फिरताना स्वतः उभं राहून बघा. रिमची कड वाकडी फिरतेय का? टायर वरखाली होतोय का? मोठ्या खड्ड्यात रिम वाकते. लोखंडी रिम बऱ्याचदा सरळ करता येते. अलॉयला तडा गेला असेल तर वेल्डिंग करून महामार्गावर चालवायची जोखीम घेऊ नका. आणखी एक सोपी परीक्षा म्हणजे पुढची चाकं मागं आणि मागची पुढं टाकणं. थरथर स्टेअरिंगमधून सीटमध्ये गेली तर चोर चाकातच आहे.

## ब्रेक दाबला की थरथर

लोक म्हणतात "डिस्क वाकली." बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडं सारखी उरलेली नसते. पॅड जाड भागावर आला की धक्का, पातळ भागावर आला की सैल. तेच स्टेअरिंगला आणि पायाला जाणवतं.

याचं एक कारण गॅरेजमध्येच घडतं. चाकाचे नट हवेच्या गननं एक जास्त, एक कमी असे आवळले की डिस्क किंचित तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरमध्ये तिची जाडी कमी-जास्त होते. म्हणून पंक्चर काढून झालं की नट समोरासमोरच्या क्रमानं आवळायला लावा आणि शेवटचा आवळा टॉर्क रेंचनं मारायला सांगा.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. घासून सरळ केल्यावरही ती त्या आकड्याच्या वर राहत असेल तर घासता येते. नाहीतर दोन्ही बाजूंच्या डिस्क आणि पॅड बदलायचे. मात्र जोरात ब्रेक मारल्यावर पेडल टरटरत असेल तर तो एबीएस काम करत असल्याचा आवाज आहे, बिघाड नव्हे.

## खड्ड्यात "टक-टक", "धप्प" आणि "कर्रर"

लहान लहान खड्ड्यांवर, हळू वेगात "टक-टक": पहिला संशय लिंक रॉडवर. खालच्या भागातला हा तुलनेनं स्वस्त आणि पटकन बदलता येणारा भाग आहे. आणि याच आवाजावर "शॉकअप गेले" म्हणून बिल होतं, म्हणून आधी लिंक रॉड तपासायला सांगा.

ब्रेक मारताना किंवा खड्ड्यात "धप्प": लोअर आर्मचा बुश. रबर फाटलं की आर्म मागंपुढं सरकतो. गाडी लिफ्टवर घेऊन पहारीनं हलवलं की दिसतं.

उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना "कर्रर" किंवा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज: शॉकअपच्या वरचं माउंटिंग किंवा त्याचं बेअरिंग.

चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं: ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट फाटलं. नुसतं बूट फाटलेलं असताना बदललं तर स्वस्तात सुटका. चिखल आत गेला की जॉइंटच बदलावा लागतो.

## मग शॉकअप खरंच गेलेत, हे कसं ओळखायचं?

गाडीच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन जागेवर स्थिरावली तर ठीक. दोन-तीन वेळा झुलत राहिली तर शॉकअप ढिला. पण या परीक्षेत पास झाला म्हणजे शॉकअप चांगलाच आहे असं नाही. हातानं दाबण्याचा वेग आणि खड्ड्याचा वेग यात खूप फरक असतो. म्हणून बाकीच्या खुणाही बघा:

- नळीवरून तेलाचा ओघळ आलेला आहे. नुसता धुळकट ओलसरपणा चालतो, ओघळ चालत नाही.
- गतिरोधक ओलांडल्यावर गाडी झुलत राहते.
- ब्रेक मारला की नाक खूप खाली जातं, वळणावर गाडी कलंडल्यासारखी वाटते.
- टायरवर जागोजागी खळगे पडलेत.

यातल्या दोन-तीन खुणा एकत्र असतील तर बदला. वाट बघू नका, कारण हा फक्त आरामाचा प्रश्न नाही. ढिल्या शॉकअपमुळं चाक रस्त्यावरून उसळतं आणि जे चाक रस्त्याला टेकलेलंच नाही, ते ब्रेक लावून थांबवणार काय? ओल्या रस्त्यावर पुढचा ट्रेलर अचानक थांबला तर हा फरक जिवावर येतो.

बदलायचे तर पुढचे दोन किंवा मागचे दोन अशी जोडी बदला. एक नवा, एक जुना असेल तर ब्रेकला आणि वळणावर गाडी वेगळी वागते. पुढचे शॉकअप उतरवलेच आहेत तर माउंटिंग आणि बंप स्टॉपर तपासून घ्या, पुन्हा तेच काम करायची मजुरी वाचते. पुढचं काम झालं की अलाइनमेंट करून घ्यायचंच.

## सिग्नलला उभी असताना थरथरते

हे वेगळं प्रकरण आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं, गॅरेजवाले त्याला फाउंडेशन म्हणतात. ते बसलं की एसी लावल्यावर, रिव्हर्स टाकल्यावर थरथर बॉडीत येते. दुसरं कारण म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नसणं. स्पार्क प्लग किंवा कॉइल खराब असू शकतं. सीएनजीवर थरथरते आणि पेट्रोलवर शांत होते असं असेल तर ही माहिती मेकॅनिकला नक्की द्या. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी ओढत नेऊ नका. न जळलेलं इंधन पुढं जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं आणि तो प्लगच्या कितीतरी पट महाग असतो.

तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडी थरथर जन्मजात असते. नवीन असतानाही तेवढीच होती का, हे आठवा.

## या खुणा दिसल्या तर गाडी तिथंच थांबवा

बाकी सगळं रविवारपर्यंत थांबू शकतं. हे नाही.

टायरच्या बाजूला फुगा. खड्ड्यात आतले धागे तुटलेत, फक्त रबर हवा धरून आहे. तो दुरुस्त होत नाही. स्टेपनी लावा आणि टायर बदला.

मोठ्या खड्ड्यानंतर स्टेअरिंग सैल लागणं, गाडी अचानक एका बाजूला ओढणं किंवा पुढच्या चाकातून ठोकल्यासारखा आवाज. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड सुटला तर चाकावर तुमचा ताबा राहत नाही.

चाक काढून बसवल्यावर लगेच सुरू झालेली थरथर. नट सैल असू शकतात. थांबा आणि आवळा.

महामार्गावर मिनिटागणिक वाढत जाणारी थरथर. टायरचा वरचा थर सुटत असण्याची शक्यता असते.

अशा वेळी जोरात ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग घट्ट धरा, वेग कमी होऊ द्या आणि डावीकडं थांबा. धोक्याचे दिवे लावा, ट्रॅफिकच्या बाजूनं उतरू नका. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. स्टेपनी बाकी चाकांपेक्षा लहान असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा, बहुतेकींवर ८० असते.

## गॅरेजमध्ये काय बोलायचं?

"शॉकअप चेक करा" असं म्हणू नका. तसं म्हटलं की शॉकअपच चेक होतात. असं सांगा: "डावीकडून पुढून आवाज येतो. वीस-तीसच्या वेगाला, लहान खड्ड्यात. ब्रेकला येत नाही. मागच्या महिन्यात एक मोठा खड्डा लागला होता." एवढ्यावर चांगला मेकॅनिक निम्मं काम ओळखतो.

मग या चार गोष्टी पाळा:

- मेकॅनिकला शेजारी बसवून तोच आवाज त्याला ऐकवा. जमलं तर त्याला चालवू द्या.
- गाडी लिफ्टवर घेतल्यावर काय सैल आहे ते स्वतः हात लावून बघा.
- स्वस्त कामापासून सुरुवात करा: हवा, सफाई, बॅलन्सिंग, लिंक रॉड, बुश, आणि सगळ्यात शेवटी शॉकअप. एका वेळी एक काम करा, म्हणजे कशानं फरक पडला ते कळतं.
- काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि बिलावर नव्याचं नाव लिहून घ्या.

## आणि रस्त्याचं काय?

गाडी नीट असली तरी खड्डे राहणारच. खड्डा दिसला तर आधी ब्रेक मारा आणि चाक खड्ड्यात जाण्याच्या क्षणी ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं वजन पुढं येतं, पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते आणि मार थेट सांध्यांवर बसतो. पाणी साचलेलं असेल तर खोली दिसत नाही, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. चुकवण्यासाठी शेवटच्या क्षणी स्टेअरिंग मारू नका, शेजारी दुचाकी असते.

गतिरोधकालाही माप असतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. असा गतिरोधक २५च्या वेगानं आरामात ओलांडता येतो. सोसायटीसमोर आणि कंपन्यांच्या गेटवर रातोरात उगवणारे टोकदार उंचवटे या मापात बसत नाहीत, तिथं पहिल्या गिअरला पर्याय नाही.

मोठ्या अलॉय आणि पातळ टायरची हौस असेल तर तीही इथंच महागात पडते. टायरची बाजू जितकी कमी उंच, तितका दणका शोषायला हवेचा थर कमी.

तक्रार करायची तर हद्द बघून करा. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या रस्त्यासाठी "सारथी" हेल्पलाइन आहे. चाकणची नगरपरिषद वेगळी आहे. आणि राष्ट्रीय महामार्गासाठी पुन्हा १०३३. फोटो, जवळची खूण आणि तारीख दिली तर तक्रार टोलवणं अवघड जातं.

विम्याचंही आधीच जाणून घ्या. नेहमीच्या पॉलिसीत झिजेमुळं झालेला बिघाड बसत नाही. फक्त टायर गेला आणि गाडीला दुसरं काही झालं नाही, तर टायरचे पैसे मिळत नाहीत. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत भरपाई मिळते. टायरसाठी वेगळं कव्हर घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

तळेगाव चौकातला रस्ता कधी गुळगुळीत होईल ते आपल्या हातात नाही. पण उद्या सकाळी शिफ्टला निघण्याआधी दोन मिनिटं खाली वाकून चारही टायर बघणं आपल्या हातात आहे. फुगा तिथं दिसला तर पार्किंगमध्ये स्टेपनी लावून काम भागतं. नाही बघितला तर तोच फुगा कंटेनरच्या शेजारून जाताना, ऐंशीच्या वेगाला फुटू शकतो.